पहिल्या मरतुकीची वर्दी

मराठीत 'मानमोडी' हा एकच शब्द दोन रोगांसाठी वापरला गेला आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली, तेव्हा जुन्या पिढीने त्या तापाला मानमोडी म्हटले. पुढे कोंबड्यांना होणारा राणीखेत हा रोगही कुक्कुटपालकांच्या बोलण्यात मानमोडी म्हणूनच रूढ झाला, कारण त्यात आजारी पक्ष्याची मान मुरगळल्यासारखी वाकडी होते. शास्त्राच्या दृष्टीने या दोन रोगांचा काही संबंध नाही. त्यांच्या विषाणूंची कुळे वेगळी आहेत. मात्र फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ही मानमोडी नेमकी कोणती, कोंबड्यांची नेहमीची की इन्फ्लुएंझाची, हाच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर जितके लवकर मिळेल तितके नुकसान कमी होते. इन्फ्लुएंझावर नजर ठेवण्याच्या जगभरच्या व्यवस्थेचे सार एवढेच आहे. प्रयोगशाळा, यंत्रे आणि तज्ज्ञ यांची त्यात आवश्यकता असतेच. परंतु त्या सर्वांचे काम सुरू होते ते कोणीतरी पहिली वर्दी दिल्यानंतर, आणि ती देणारा माणूस बहुधा शास्त्रज्ञ नसतो. तो एखादा शेतकरी असतो, गावचा पशुवैद्य असतो किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर असतो.

गोदीतला ताप

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपायांना तापामुळे पोलीस रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीत होती. तो ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या आठ-दहा दिवसांत जहाज कंपन्या, बंदर विश्वस्त मंडळ, एक परदेशी बँक, तार कचेरी, टांकसाळ आणि गिरणी येथील कर्मचारी एकामागून एक आजारी पडले. मुंबईच्या तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांनी हा क्रम नोंदवून ठेवला. रोग समुद्रमार्गे आला आणि गोदीतून शहरात शिरला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नोंद अचूक होती, पण ती उपयोगात आणण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला तो १९३३ साली, लंडनमध्ये. जूनमधली ही लाट तुलनेने सौम्य होती. तीच पुढच्या संकटाची सूचना आहे, हे ओळखता आले नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली आणि रेल्वेच्या रुळांवरून ती देशभर पोहोचली. तीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असे बहुतेक अभ्यासकांचे अनुमान आहे.

या अनुभवातून जगाने एक धडा घेतला. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएंझाच्या निरीक्षणासाठी प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. 'एनआयव्ही' या संक्षिप्त नावाने परिचित असलेली ही संस्था त्या जागतिक जाळ्यातील भारताचे राष्ट्रीय इन्फ्लुएंझा केंद्र आहे.

विषाणूचे दोन संसार

इन्फ्लुएंझा 'अ' या प्रकारच्या विषाणूचे मूळ घर पाणपक्ष्यांच्या आतड्यांत आहे. रानबदके आणि तत्सम पक्षी तो घेऊन हजारो मैल प्रवास करतात आणि अनेकदा स्वतः आजारीही पडत नाहीत. विषाणूच्या पृष्ठभागावर 'एच' आणि 'एन' अशी दोन प्रथिने असतात. त्यांच्या प्रकारांवरून त्याला एच१एन१, एच५एन१ अशी नावे मिळतात. त्याचा आनुवंशिक ठेवा आठ सुट्या तुकड्यांत विभागलेला असतो. एकाच शरीरात दोन निरनिराळे इन्फ्लुएंझा विषाणू शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्माला येऊ शकतो. म्हणून कोंबड्यांमधील साथ ही केवळ कोंबड्यांची बाब राहत नाही.

१९९७ मध्ये हाँगकाँगने याचा प्रत्यय घेतला. मे महिन्यात तेथे एका लहान मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या घशातील विषाणू नेहमीच्या चाचण्यांत ओळखू येईना. परदेशातील प्रयोगशाळांनी तो एच५एन१ असल्याचे ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. तोवर हा विषाणू फक्त पक्ष्यांचा समजला जाई. नोव्हेंबरपासून आणखी रुग्ण आढळले. एकूण १८ जणांना बाधा झाली, सहा दगावले. डिसेंबरच्या अखेरीस हाँगकाँग सरकारने अवघ्या काही दिवसांत तेथील दहा लाखांहून अधिक कोंबड्या नष्ट केल्या आणि साथ थांबली. ऑगस्टमध्ये विषाणूचे नाव कळले नसते, तर डिसेंबरमध्ये एवढा कठोर निर्णय कशाच्या आधारावर घेतला गेला असता?

२००३ पासून एच५एन१ आशियात पुन्हा पसरू लागला. तेव्हापासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना त्याची बाधा झाल्याची नोंद असून त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावले आहेत. माणसाकडून माणसाकडे तो सहजपणे पसरत नाही, ही त्यातली दिलाशाची बाजू होय. ती तशी राहते आहे की नाही, यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

नवापूर, फेब्रुवारी २००६

नवापूर हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरचे गाव. त्याच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात आहे. सुरतची मोठी बाजारपेठ जवळ असल्यामुळे या आदिवासीबहुल तालुक्यात कुक्कुटपालनाचा व्यवसाय भरभराटीला आला होता. जानेवारी २००६ च्या अखेरीस तेथील शेडमध्ये मरतूक वाढू लागली.

कुक्कुटपालनात थोडीफार मरतूक रोजचीच असते. ती वाढली की पहिला संशय राणीखेतचा येतो. नवापुरातही तसेच झाले. राणीखेतवर लस आहे, तो रोग परिचित आहे आणि त्यामुळे बाजार बंद पडत नाही. बर्ड फ्लू मात्र तोवर भारतातील कोंबड्यांमध्ये आढळलेला नव्हता. जो रोग देशातच नाही, त्याची शंका सहसा कोणाला येत नाही. दोन्ही रोगांत कोंबड्या सुस्त होतात, खाणे-पिणे सोडतात, अंडी घटतात आणि श्वास घेताना घरघर होते. राणीखेतमध्ये हिरवट हगवण आणि मुरगळलेली मान दिसते. बर्ड फ्लूमध्ये डोके सुजणे, तुरा आणि गलोल निळे-काळे पडणे, पायांवर रक्ताचे डाग उमटणे ही लक्षणे अधिक आढळतात. तरीही केवळ डोळ्यांनी पाहून खात्री देणे अनुभवी पशुवैद्यालाही कठीण जाते.

अखेर नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी निदान जाहीर झाले. तो एच५एन१ होता. भारतातील कोंबड्यांमध्ये त्याची ही पहिलीच नोंद होती. मरतूक सुरू होऊन तोवर सुमारे तीन आठवडे उलटले होते.

त्यानंतर मात्र यंत्रणा वेगाने हलली. बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या नष्ट करून खोल खड्ड्यांत पुरण्यात आल्या. दहा किलोमीटरपर्यंतच्या परिसरावर देखरेख ठेवण्यात आली. संरक्षक पोशाख घातलेल्या कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक औषधे देण्यात आली. आरोग्य खात्याची पथके तापाचे रुग्ण शोधत घरोघरी फिरली. संशयितांचे नमुने तपासण्यात आले आणि त्यांत एकाही माणसाला बर्ड फ्लूची बाधा आढळली नाही. सीमेपलीकडे तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील उच्छल येथे, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातही रोग आढळला. तिन्ही राज्ये मिळून दहा लाखांच्या आसपास कोंबड्यांचा बळी गेला. ऑगस्ट २००६ मध्ये भारताने स्वतःला बर्ड फ्लूमुक्त घोषित केले.

शीतपेटीपासून अहवालापर्यंत

आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेतून आणि गुदद्वारातून कापसाच्या बोळ्याने स्राव घेतला जातो. नमुना तीन आवरणांत बंद करून बर्फाच्या शीतपेटीतून पाठवावा लागतो. उष्णतेने विषाणू मेला, तर रोग असूनही अहवाल 'नाही' असा येण्याचा धोका असतो. प्रयोगशाळेत विषाणूच्या आनुवंशिक खुणा शोधणारी पीसीआर चाचणी काही तासांत कौल देते. विषाणू जिवंत स्वरूपात मिळवण्यासाठी नमुना कोंबडीच्या नऊ ते अकरा दिवसांच्या फलित अंड्यात सोडून काही दिवस वाट पाहावी लागते. ही कामे जेथे होतात, त्या दालनांतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखलेला असतो. त्यामुळे हवा आत येते, पण गाळल्याशिवाय बाहेर जात नाही. भोपाळची ही प्रयोगशाळा २०१४ पासून राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था म्हणून कार्यरत आहे आणि देशातील बर्ड फ्लूच्या निदानावर अंतिम शिक्कामोर्तब तेथेच होते.

माणसांच्या बाबतीत निरीक्षणाची रीत थोडी निराळी आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाची तपासणी शक्य नसते. म्हणून निवडक रुग्णालयांत दहा दिवसांच्या आत सुरू झालेला ताप आणि खोकला असलेल्या रुग्णांची संख्या नोंदवली जाते आणि त्यांपैकी काहींच्या घशातील व नाकातील स्राव तपासला जातो. याच कारणाने रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांची नोंद वेगळी होते. ऋतुमानाप्रमाणे ही संख्या वर-खाली होते. तिने नेहमीची रेषा ओलांडली, किंवा एखाद्या नमुन्यातील विषाणू परिचित प्रकारांत बसेना, तर तो धोक्याचा इशारा समजला जातो. भारतात २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पामुळे जिल्हा पातळीवरील अशा नोंदी एकत्र येऊ लागल्या. जगभरातून जमलेल्या विषाणूंचा अभ्यास करून दरवर्षी फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये फ्लूच्या लसीत कोणते विषाणू असावेत, हे ठरवले जाते.

परिचित प्रकारांत न बसणाऱ्या नमुन्याचे महत्त्व एप्रिल २००९ मध्ये दिसून आले. कॅलिफोर्नियातील दोन मुलांना साधा वाटणारा ताप आला होता. त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता आणि डुकरांशीही संपर्क आलेला नव्हता. तपासणीत विषाणू अनोळखी ठरला आणि एच१एन१ या नव्या जागतिक साथीचा सुगावा लागला. भारतात पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत आढळला आणि ऑगस्टमध्ये पुण्यात पहिला मृत्यू झाला. साथ टळली नाही. परंतु विषाणूची ओळख आधीच पटल्यामुळे तपासणीची साधने आणि औषधे हाताशी होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत काही देशांत लसही उपलब्ध झाली.

वर्दी देणाऱ्याने सोसायची किंमत

या साऱ्या साखळीचा सर्वांत नाजूक दुवा पहिलाच आहे. शेडमध्ये सकाळी चाळीस कोंबड्या मेलेल्या पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात काय येत असेल? पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, तर उद्या उरलेल्या हजारो कोंबड्या पुरल्या जातील, शेजाऱ्यांच्याही जातील आणि दोष आपल्या माथी येईल. पिल्ले, खाद्य आणि शेड यांसाठी काढलेले कर्ज मात्र उभेच राहील. गप्प राहावे, तर निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या आज विकून चार पैसे हाती येतील. याच मोहाच्या क्षणी रोग टेम्पोत बसून दुसऱ्या तालुक्यात जातो.

म्हणून नुकसानभरपाई हा निरीक्षण व्यवस्थेचाच भाग मानला जातो. भारतातील नियमांनुसार सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी, तसेच नष्ट केलेल्या अंड्यांसाठी व खाद्यासाठी भरपाई मिळते. तिचा भार केंद्र आणि राज्य वाटून घेतात. त्यापूर्वीच रोगाने मेलेल्या कोंबडीची भरपाई मिळत नाही. या एका नियमात मोठा अर्थ सामावलेला आहे. वर्दीला जितका उशीर, तितके भरपाईपात्र पक्षी कमी. लवकर कळवणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे ठरावे, अशी ही रचना आहे. मात्र भरपाई वेळेवर आणि रास्त दराने हाती पडली, तरच तिच्यावर विश्वास बसतो.

२००६ मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजूही समोर आली. रोग काही तालुक्यांपुरता होता, पण मागणी देशभर कोसळली. रेल्वेने खाद्यपदार्थांतून कोंबडी आणि अंडी काही काळ वगळली. ज्यांच्या शेडमध्ये एकही कोंबडी आजारी नव्हती, असे कुक्कुटपालकही कर्जाचे हप्ते भरू शकेनात. त्या वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सवलतींविषयी सूचना दिल्या. १ फेब्रुवारी २००६ नंतर थकलेल्या रकमांचे मुदत कर्जात रूपांतर करावे, परतफेडीसाठी तीन वर्षांपर्यंत मुदत आणि सुरुवातीला एक वर्षापर्यंत उसंत द्यावी, असे त्यांत म्हटले होते. ३१ मार्च २००६ रोजीच्या येणे मुद्दलावर चार टक्क्यांची एकवेळची व्याज सवलतही देण्यात आली. वरकरणी हा हिशेबाचा विषय वाटतो. परंतु आपण पूर्णपणे बुडणार नाही, अशी खात्री असलेला शेतकरीच मरतूक लपवत नाही.

परसातील कोंबड्यांच्या बाबतीत हे काम अधिक अवघड होते. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात मारग्राम परिसरात रोग आढळला आणि पाहता पाहता डझनाहून अधिक जिल्ह्यांत पसरला. तीस लाखांहून अधिक पक्षी नष्ट करावे लागले. तेथे मोठ्या शेडपेक्षा घराघरांतील खुराडी अधिक होती. चार कोंबड्या हीच ज्या घराची शिल्लक, त्या घराने त्या सहजासहजी पथकाच्या हवाली कराव्यात, ही अपेक्षा सोपी नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये केरळच्या कुट्टनाड भागात बदकांच्या कळपांत हा रोग आढळला, तेव्हाही अनेक कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न ऐन नाताळाच्या तोंडावर गेले.

नजर अधिक दूरवर

गेल्या काही वर्षांत निरीक्षणाचे जाळे अधिक बारीक विणले गेले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात बालकांच्या श्वसनविकारांच्या पाहणीत घेतलेल्या एका नमुन्यात एनआयव्हीला एच९एन२ हा पक्ष्यांचा विषाणू सापडला. माणसात तो आढळण्याची ही भारतातील पहिली नोंद. बालक बरे झाले. दुर्गम गावात कोणी नमुना घेतला नसता, तर ही नोंद झालीच नसती. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत उपचार घेणाऱ्या हरियाणातील एका मुलाचा एच५एन१ मुळे मृत्यू झाला. या विषाणूचा तो भारतातील पहिला ज्ञात मानवी बळी. त्याच्या निकटच्या संपर्कातील कोणालाही लागण झाली नसल्याचे तपासात दिसून आले.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. हाच विषाणू त्यांच्या मृत्यूला कारणीभूत असल्याचे भोपाळच्या अहवालातून जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे मेलेला कावळा, खंगलेली मांजर, ओढ्याकाठी पडलेले बदक यांचीही दखल आता घ्यावी लागते. माणूस, पाळीव जनावरे आणि वन्यजीव यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करण्याची गरज या घटनांनी पटवून दिली आहे.

कुक्कुटपालकाने करायचे काम तुलनेने साधे आहे. रोजची मरतूक, खाद्य, पाणी आणि अंडी यांची वही नियमित लिहावी. त्यांत अचानक फरक पडला, तर मेलेला पक्षी न उघडता व न फेकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि शेडमधील ये-जा व विक्री थांबवावी. आजारी पक्ष्यांच्या सहवासात आलेल्या व्यक्तीला ताप आल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. ग्राहकांनीही घाबरून जाण्याचे कारण नाही. मांस आणि अंडी पूर्ण शिजवली, आतपर्यंत सत्तर अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली, की विषाणू टिकत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. पंधरा वर्षांनी तेथे पुन्हा खड्डे खणले गेले आणि पुन्हा लक्षावधी कोंबड्या पुराव्या लागल्या. तोवर नियम बदलले होते. तीन किलोमीटरऐवजी एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट करणे पुरेसे मानले जात होते. या वेळी रोगाचे नाव कोणाला अपरिचित नव्हते. मरतूक वाढताच मानमोडीच्या जोडीने बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी लागते, हे गावाला ठाऊक झाले होते. विषाणू येण्याचे थांबवणे माणसाच्या हाती नाही, कारण तो पंखांवरून येतो. तो आल्याची वर्दी मात्र पहिल्या दिवशी देता येते. ती देणाऱ्याच्या पाठीशी सरकार, बँक आणि शेजारी उभे राहिले, तर पुढची मानमोडी शेडच्या दारातच अडवली जाऊ शकते.